पाठीवरची जागा

शाओशिंग, २० जून १९८४

चि. सूयिंग हिस वडिलांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हार्बिनच्या थंडीत तुझी छाती पुन्हा शिट्ट्या मारू लागली होती, हे आता उन्हाळ्यात कळवतेस होय? जुलैच्या मध्याला फूचे, ऐन उकाड्याचे दिवस सुरू होतील. हिवाळ्याचं दुखणं उन्हाळ्यातच उपटावं लागतं, हे वैद्याच्या मुलीला सांगायला नको. दरवर्षीसारखी ये. मानेखाली आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सुया टोचू, वर मोहरी-आल्याचा लेप लावू.

आई गेल्यापासून आलं मीच वाटतो. लहानपणी तू माझ्या पाठीवर बोट टेकवून म्हणायचीस, "बाबा, दम्याची जागा ही!" आईला चाचपत शोधावी लागे, तुझं बोट नेमकं पडायचं.

मी बरा आहे. जिना चढताना मध्ये टेकतो, इतकंच. जावईबापूंना आशीर्वाद. वाट बघायला लावू नकोस.

तुझा,
बाबा


हार्बिन, ६ जुलै १९८४

ती. बाबांस सा. न. वि. वि.

यंदा येणं जमत नाही, रागावू नका. यांच्या कारखान्याकडून घर मिळतंय, दोन खोल्या आणि नळ! याच महिन्यात ताबा घेतला नाही तर दुसऱ्याच्या घशात जाईल. शिवाय सध्या मी ठणठणीत आहे. धडधाकट माणसाला पकडून सुया टोचणारे वैद्य जगात तुम्हीच!

आत्या लिहिते की तुम्ही खोकता. खरं काय ते कळवा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सूयिंग


शाओशिंग, २५ ऑगस्ट १९८४

चि. सूयिंग हिस आशीर्वाद.

फू संपले. घर मिळालं, फार बरं झालं. आत्याचं मनावर घेऊ नकोस, तिला माझी शिंकसुद्धा मोठी वाटते. माझा खोकला दवाखान्यातल्या औषधी धुराचा.

यंदा लेप मीच लावून घेतला. आत्या लावते म्हणाली, पण तिचा हात म्हणजे भिंत लिंपणारा. मग चटईवर लेपाचे गोळे मांडले आणि त्यांवर उताणा निजलो. उठलो तर चटई पाठीला चिकटलेली! तुझी आई असती तर हसून हसून बेजार झाली असती. तिची फार आठवण येते. पुढच्या वर्षी मात्र नक्की ये.

बाबा


शाओशिंग, २८ डिसेंबर १९८४

चि. सूयिंग हिस आत्याचे आशीर्वाद.

जावईबापूंची तार मिळाली. बातमी ऐकून तुलाच धाप लागली आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, हे कळलं. बरं झालं निघाली नाहीस. तुझा बाप म्हणायचा, दुःख आधी फुफ्फुसात शिरतं. मग मातीसाठी तुझी वाट बघत थांबलो नाही. त्याला तुझ्या आईशेजारीच ठेवलं.

पहिली थंडी पडली आणि त्याला आडवं होता येईना. खुर्चीत बसून श्वास ओढायचा आणि वर मलाच सांगायचा, "आक्का, घाबरू नकोस गं." तसाच बसल्या बसल्या गेला.

अंघोळ मीच घातली. पाठीवर उन्हाळ्यातल्या लेपाने पोळल्याचे डाग तसेच होते. एक थेट कण्यावर, एक पार कमरेपाशी, एक खांद्याच्या हाडावर. साऱ्या गावाच्या पाठीवरची जागा डोळे मिटून सांगणारा माझा भाऊ, आणि त्याच्या स्वतःच्या पाठीवर एकही डाग जागेवर नव्हता. पोरी, मला रडू आवरेना.

मी लेप लावते म्हटलं तेव्हा तो भांडला होता माझ्याशी. म्हणाला, "सूयिंग येईल. तिची पाठ मी करीन, माझी ती करील. तिचं बोट चुकत नाही." मी म्हटलं, मग तसं लिही ना तिला! तर म्हणतो, "छे! औषधाला ये म्हटलं की येते ती. माझ्यासाठी म्हटलं तर उगीच घोर लावून घेईल."

तुला दोष देत नाही. न सांगितलेलं कुणाला कळणार?

पुढच्या फूला ये. आलं मी वाटून ठेवीन. तुझ्या पाठीवरची जागा आता कोण शोधणार ते मला माहीत नाही, पण ये.

तुझी,
आत्या