धुऱ्यावरचा तेरडा

मु. बिरसा

हेमराज, माह्या भावा,

आशीर्वाद देते, पण रागानं देते. फोनवर तू "हौ ताई, हौ ताई" करून ठेवून देतो, म्हणून कागदावर लिहून राह्यली.

फोटो पाहिला. धानाच्या बांधीचा पूरा धुरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत बांध, पिवळा! "ताई दिवाळीले येते, पायात साप नको, म्हणून तणाची दवाई मारली" म्हणतो. अरे, माह्यासाठी तेरडा जाळला तू? ऐन फुलात होता. त्याच्या शेंगा फुटून बी सांडल्याबिगर आपल्या घरी कोणी धुऱ्याले विळा लावत नव्हतं. त्याच बीवर तो दरसाल उगवते. आता पुढच्या साली काय उगवन, तुह्या पंपाचं पाणी? तुह्या लेकीची, मयुरीची नखं कशानं रंगवशीन? माही तर तूच रंगवत होता, फुलं वाटून, वर पान बांधून.

अन् दवाई मारताना तोंडाले फडकं बांधलं होतं का? खोकला कसा आहे?

फोटोत विहिरीपाशी तेरड्याची चार झाडं उभी दिसतात, गुलाबी. तिकडं पंप नेशीन, तर भाऊबीजेले मी त्या जळल्या झाडायले ओवाळीन. तू पाटावर बसूनच राहा.

तुही ताई,
मंजू