मागं शीट नसलेली गाडी

अण्णा, तुम्हाला लिहायचं म्हणून किती वेळा बसलो आणि उठलो. कधी चहाची तल्लफ आली, कधी खाली कुणाची मोटारसायकल सुरू होईना म्हणून बघायला गेलो, ते संध्याकाळीच वर आलो. कॉलेजही माझं असंच सुटलं. आज मात्र लिहितोय, कारण दुपारी गिऱ्हाईक येणार आहे आणि माझी गाडी घेऊन जाणार आहे.

लाल आहे, जमिनीला टेकलेली, दोन शिटांची, वरून उघडी. तुम्ही गेल्यावर मी किल्लारीला जीप चालवली, मग हैदराबादेत एका शौकिनाच्या गाड्या सांभाळल्या. त्याला हिचा कंटाळा आला, तेव्हा ही मी घेतली. तुम्ही एस्टी चालवताना केवढ्या उंचावर बसायचात. मला शेजारच्या सायकलवाल्याचे गुडघे दिसतात. पण चालवायला काय मजा आहे, अण्णा! पाय नुसता टेकवला की पाठ शिटाला चिकटते. वळणावर मनगट हललं की ती वळून मोकळी, आपण मागनं वळतोय असं वाटतं. यंदा लातुरात पाणी नाही. गाडी धुवायची लाज वाटते, म्हणून कोरड्या फडक्यानं पुसतो. गावाबाहेरचा तलाव आटलाय आणि टँकरच्या चाकांखाली त्याचा तळ दबून सपाट झालाय. उजाडताना मी तिथं जातो आणि सोडतो तिला. वारा कानात शिरतो, मागं धुळीची भिंत उभी राहते, डोक्यात काही म्हणून काही उरत नाही. मधेच आठवतं की आपण पाण्याच्या जागेवर पळतोय, तेव्हा पाय उचलला जातो. थोड्या वेळानं परत दाबतो.

रस्त्यावर तेवढं जमत नाही. गावोगावच्या लोकांनी आपापले गतिरोधक घातलेत, गाडीचं पोट घासतं. हॉटेलावर लोक नवा जिल्हा कुठं व्हावा यावरून भांडत असतात. मला बघून म्हणतात, "जिल्हा होऊ दे, रस्ता होईल, मग पळव तुझी मोटर." आणि आपल्याकडं चाक असलेल्या कशालाही हात करतात. जळकोटच्या अलीकडं एका म्हाताऱ्यानं केला. मी थांबलो. "मुखेड?" म्हणत तो आत घसरला, पिशवी मांडीवर घेतली, वर बघितलं.

"टप कुठं पडला वाटंत?"

"टपच न्हाई, मामा."

"अन् बाकीचे पाशिंजर?"

"दोनच शिटं हायती."

"मग धंदा कसा व्हतो?" त्याला माझी फार काळजी वाटली. पुढं वेग घेतला तेव्हा मात्र त्यानं पटका काखेत दाबला आणि लहान पोरासारखा हसत सुटला.

हात केला की मी थांबतो, ते तुमच्यामुळं. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी तुमच्या बाजूला इंजिनच्या झाकणावर बसलेलो. लांबून एक बाई हात करत पळत येत होती. मी म्हणालो, "चला ना अण्णा, मागच्या गाडीनं येईल ती." तुम्ही बस थांबवलीत, ती चढली. मग समोर बघतच म्हणालात, "उतर. तू ये मागच्या गाडीनं." मी भर उन्हात बाभळीखाली रडत उभा राहिलो. मागच्या गाडीनं आलो तेव्हा मुखेडच्या स्टँडवर तुम्ही गरम भज्यांचा पुडा घेऊन उभे होतात. मिरच्या तेवढ्या तुम्ही काढून घेतल्यात.

माय मात्र या गाडीत बसत नाही. गेल्या महिन्यात तिला आणायला मुखेडला गेलो, तर गाडीभोवती फिरून आली. "मागलं शीट कुठंय?" म्हणाली. मागं शीट नाही म्हटल्यावर पिशवी उचलली. "तू जा म्होरं. मी येते यष्टीनं." मला राग आला. मग आठवलं, तुमच्या बसमध्ये ती कायम मागच्या बाकावर बसायची, पूर्ण तिकीट काढून. ड्रायव्हरनं बायकोला पुढं बसवलं असं कुणी म्हणू नये म्हणून. तो नियम तुमचा होता की तिचा, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या शेजारी बसून तिनं रस्ता कधी बघितलाच नाही.

गिऱ्हाईकाला मी सांगितलंय की रस्ते खराब आहेत, गाडीला इथं न्याय मिळत नाही. ते खोटं आहे. माय बसत नाही म्हणून काढतोय.

हे पाकिटात घालून कुठं टाकणार? ठेवून देतो.

खाली हॉर्न वाजतोय. माझ्याच गाडीचा. गिऱ्हाईक लवकर आलं असं वाटून खिडकीतून बघितलं, तर माय आलीय. न कळवता. दार तिनं कसं उघडलं कोण जाणे, पण पुढं बसलीय, डोक्यावरचा पदर हनुवटीखाली धरून, आणि वर बघून ओरडतीय, "किती येळ थांबायचं रं पाशिंजरनं?"