घाटावर दिलेला शब्द

२३ मार्च, लातूर

आलं! दोन्हीकडून ‘हो’ आलं! अभ्यासिकेच्या जिन्यात उभी राहून फोनवर वाचलं. परत वाचलं. मग नाव तपासलं. मृण्मयी शरदचंद्र. माझंच.

दोन्ही कॉलेजं अमेरिकेतली. एक मैलोन्मैल मक्याच्या शेतांत, दुसरं बर्फात, समुद्राजवळ. दोन्ही लहान. आमच्या शिकवणीला जेवढी मुलं येतात, त्याहून कमी अख्ख्या कॉलेजात. खर्च त्यांचा. आणि पहिली दोन वर्षं विषय ठरवायचाच नाही! रसायनशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान घ्या, नाहीतर मातीची भांडी करायला शिका. कुणी विचारणार नाही, काहून म्हणून.

एक मेपर्यंत कळवायचं. तीन मेला नीट, डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा.

आईला फोन केला. ती नांदेडला ऑफिसात होती. दोन्ही कॉलेजांची नावं दोनदा विचारली. मग म्हणाली, “देवापुढं साखर ठेव. अन् काकांना सांग.”

काकांना सांगणं म्हणजे बाबांना सांगणं.

२४ मार्च

काल त्या वाक्यापाशी पेन थांबलं. आज लिहूनच टाकते.

बाबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांची. दहाव्याला काका, गुरुजी आणि बाकीची पुरुषमंडळी गोदावरीच्या घाटावर. आम्ही बायका घरी. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी खात नाही. आईनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ऊन कललं तरी निरोप नाही. गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही म्हणतात. तिकडं एकेक जण बोलत असणार — वहिनींना अंतर देणार नाही, घर सांभाळू...

फोन मीच उचलला. काका म्हणाले, “शिवला गं. मृणूला डॉक्टर करू म्हटलं, अन् लगेच शिवला. आता आईला जेवायला वाढ.”

मी आईला वरणभात कालवून दिला. तेव्हापासून मी डॉक्टर होते आहे.

२९ मार्च

रविवार. काका हॉस्टेलवर आले. इथं लातुरातच एका शिकवणीत ते रसायनशास्त्र शिकवतात. दर रविवारी माझ्या चाचणीचे मार्क बघायला येतात. आज मार्कांआधी मीच सांगून टाकलं.

“लिबरल आर्ट्स म्हणजे? चित्रं काढायची का?”

“नाही काका. सगळंच शिकतात तिथं.”

“सगळं तर दहावीपर्यंत शिकलीस की. शेवटी पदवी कोणती?”

“बी.ए.”

“बी.ए.!” ते मोठ्यानं हसले. “अगं, बी.ए.साठी विमानात बसतं का कुणी? किनवटच्या एस.टी.त बसलं तरी होतं बी.ए.!”

मलाही हसू आलं. मग ते हसायचे थांबले. “दादाला शब्द दिलाय मृणू. घाटावर. तुला ठाऊक आहे.”

हे बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. चपलेचा पट्टा नीट करत होते.

३१ मार्च

चाचणीत हृदयाच्या झडपांचा प्रश्न चुकला. बाबा हृदयानंच गेले. हा प्रश्न मी चुकायला नको होता.

४ एप्रिल

बर्फातल्या कॉलेजच्या एका मुलीशी बोलणं झालं. ती नेपाळची. म्हणाली, थंडीत चार वाजताच अंधार पडतो, पण वाचनालयात झोपायला सोफे आहेत. मक्याच्या शेतातल्यांनी कळवलं आहे, आमच्याकडे आकाश फार मोठं आहे. कसं निवडायचं? सोफे आणि आकाश!

खरं तर निवड या दोघांत नाहीच.

प्रवेशाच्या निबंधात मी आमच्या गावची, इस्लापूरची ओसरी लिहिली होती. मला दमा, म्हणून चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे बाबा. आश्रमशाळेतून गणित शिकवून यायचे, चहा घ्यायचे, मला एकच प्रश्न द्यायचे आणि ओसरीवर जाऊन बसायचे. मी पाटी घेऊन जायचे. “बरोबर आहे का बाबा?” ते गप्प. चूक असलं तरी गप्प, बरोबर असलं तरी गप्प. मी परत आत यायचे, परत करून बघायचे.

एकदा सहस्रकुंडाला नेलं. धबधब्यासमोर उभं करून म्हणाले, “पाण्याला तर रंग नाही. मग पडताना पांढरं का दिसतं?” परतीच्या एस.टी.त मी रडकुंडीला आले. ते खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी आईच चिडली — “सांगा की हो लेकराला!” नाहीच सांगितलं.

त्या निबंधावर प्रवेश मिळाला. बाबांच्या ओसरीवर पाय ठेवून बाबांनाच दिलेला शब्द मोडायचा? ही चोरी नाही तर काय?

९ एप्रिल

गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की तो टाकीवर बसलेला असतो. कावळा. एकच. मी दोरीच्या या टोकाला गेले की मान इकडे, त्या टोकाला गेले की तिकडे.

१२ एप्रिल

लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

कठड्यावर पोळीचे दोन तुकडे ठेवले. एक मक्याच्या शेताचा, एक बर्फाचा. मनात नावं घेतली. लांब जाऊन उभी राहिले. तो बघत बसला. हललाच नाही. पोळी वाळून वाकडी झाली.

१३ एप्रिल

आज एकच तुकडा. मनात म्हटलं, “डॉक्टर होईन.”

हात मागे घेते न घेते तोच आला. पंखांचा वारा बोटांना लागला!

दोरीवरचे कपडे तसेच सोडून खाली पळाले.

१४ एप्रिल

बुद्धप्रियानं दोरीवर राहिलेले कपडे आणून दिले आणि माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. ती माझी रूममेट, किनवटची. आधी खूप हसली. “कावळ्याला नीटचा सिलॅबस ठाऊक हाय का गं? मलाही विचारून दे, वनस्पतिशास्त्रातलं काय येणार हाय!”

मी हसले नाही. मग तीही थांबली. निळी साडी नेसून जयंतीला निघाली होती. पदर नीट करत म्हणाली, “आमच्यात आजोबांनी दीक्षा घेतली तवापासून पिंडच न्हाई. मग आमची माणसं काय उपाशी गेली का?”

मी “तसं नाही गं” एवढंच म्हणाले.

ती निघून गेल्यावर वाटलं — तिच्या आजोबांनी शब्दच नाकारला. माझ्यासाठी तो दिला गेला आहे, आणि घेतलाही गेला आहे. आमच्यात एवढाच फरक. पण केवढा!

१९ एप्रिल

आई आली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि एक लोकरीचा स्वेटर! एप्रिलात, लातूरच्या या उन्हात! मुली बघायला जमल्या.

“मक्याचं बरं,” आई म्हणाली. “तुला दमा. बर्फ नको.”

“आणि बाबांना दिलेला शब्द?”

“मी कुठं होते गं घाटावर. मला तू कालवलेला भात आठवतो. फार घट्ट झाला होता.”

तिनं स्वेटर माझ्या पाठीला लावून मापला. मी तो चादरीखाली ठेवला आहे. त्याच्यावर झोपते आणि टोचतो.

२२ एप्रिल

आज गच्चीवर गेले नाही. तर तो अभ्यासिकेच्या खिडकीशी. तोच की दुसरा? सगळे सारखेच दिसतात. हेच तर वाईट आहे.

२७ एप्रिल

ठरलं. दोन्हीकडे ‘नाही’ कळवायचं. नकाराची दोन्ही पत्रं इंग्रजीत नीट लिहून ठेवली. आभार, दिलगिरी, कौटुंबिक कारण. ‘कौटुंबिक कारण’ खोटं नाही ना, हे तपासलं. खोटं नाही.

आता शांत वाटायला पाहिजे होतं.

३० एप्रिल

काका संध्याकाळी आले. परीक्षेला लागते तशी पारदर्शक पाण्याची बाटली घेऊन. मी सांगितलं, “काका, मी नाही जात. उद्या तसं कळवते. बाबांना शब्द दिलाय ना.”

वाटलं होतं, पाठीवर थाप मारतील. ते जिन्याच्या पायरीवर बसले. “पाणी दे गं.”

मी पाणी आणलं. ग्लास हातात धरून बसून राहिले. म्हणाले, “त्या आश्रमशाळेतली पोरं अजून दादाची आठवण काढतात.” मग ग्लास तसाच भरलेला ठेवून निघून गेले.

काय बिघडलं? मी त्यांच्या मनासारखंच तर केलं.

१ मे

काका सकाळीच फाटकाशी. आत येईनात.

“कावळा आलाच नव्हता मृणू. एवढं एवढं बोललो आम्ही. डॉक्टर करू, हेही बोललो. न्हाईच आला. वहिनी तिकडं उपाशी. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला अन् पिंडाला लावला. खरं सांगितलं असतं तर वहिनी जेवल्या नसत्या. म्हणून फोनवर तसं बोललो. मग तू अभ्यास करून राहिली होतीस... कसं सांगायचं?”

म्हणजे डॉक्टर म्हटलं तरी बाबा आले नाहीत. कशालाच आले नाहीत. गप्पच.

मक्याच्या शेतांना ‘येते’ म्हणून कळवलं.

बरोबर आहे का बाबा?