पट्टकृमीचं डोकं

तीर्थरूप आईस,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. तुझी कंबर कशी आहे? मासे साफ करायला अजून खालीच बसतेस का?

घाबरू नकोस, पण तुझ्या टोपलीतल्या पाकट माशाच्या आतड्यात मला सापडलेला तो पट्टकृमी आठवतो ना? माझे सर म्हणाले होते, असा कुणीच पाहिलेला नाही. पण त्याला डोकंच नाही. तो कुठल्या कुळातला, कुणाचा भाऊबंद, हे डोक्यावरच्या गळासारख्या आकड्यांवरून ठरतं. जनुकांवरूनही कळलं असतं, पण मी तो फॉर्मलीनमध्ये ठेवला आणि जनुकंही खराब झाली.

सहा आठवड्यांत दुसरा मिळाला नाही, तर इथलं संशोधन सोडून गाशा गुंडाळायचा. झोपेचं तर विचारूच नकोस.

आई, आता पाकट आला की आतडी फेकू नकोस. उभी चीर. पांढरी फीत दिसली, तर आतड्याचा तेवढा तुकडा कापून स्पिरिटमध्ये टाक. बाबा हसले तर हसू देत.

फीत मात्र ओढू नकोस गं. डोकं आतड्याला घट्ट धरून बसलेलं असतं. इथे सगळ्यांना मी सांगितलंय, तो तुटकाच मिळाला.

मी ओढला होता.

तुझी,
धाकटी