माळवदावरची माती

२० सप्टेंबर, शनिवार
घरावरचं मातीचं माळवद गळायलंय. चुलीपाशी पातेलं, अंथरुणापाशी परात, दारात बादली. हे ताडपत्री आणायला सकाळीच मानवतला गेले. म्हणले, "दुपारच्याला येतो." दुपारी पुलावरून पाणी गेलं. आता हे तिकडं, इकडं मी आन् मामंजी.

मामंजी सुनेशी बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून एकदाबी माझं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही. काही सांगायचं तर ह्यांना सांगणार, हे मला सांगणार. आता हेच नाहीत, तर दारात बांधलेल्या म्हशीशी बोलायलेत! "म्हशे, च्या व्हईल का न्हाई?" म्हशीला येत नाही. मीच केला.

२१ सप्टेंबर
पाऊस थांबंना. गावाला चहूकडून पाणी. मधल्या घरातली तुळई वाकलीय — काल बोटं पोचत नव्हती, आज टेकायलीत.

दरसाल पावसाच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर टाकायचा, तुडवायचा. या घरचा नेम. जुनी माती कुणीच काढली नाही. मामंजींच्या बापानं टाकली, मामंजींनी टाकली, यंदा मीबी टोपल्या वाहिल्या. लय शहाणी! सगळी माती आता भिजून डोक्यावर हाय.

मी भिंतीकडं तोंड करून म्हणले, "वरची माती उतरवावी लागंल." मामंजी म्हशीला म्हणले, "ऐकलं का? भर पावसात घर उघडं करायलेत."

२२ सप्टेंबर
आज घट बसायचे होते. वावरातली माती आणायला वावर दिसंना.

शेजारच्या धुरपताबाईचं माळवद पडलं. माणसं शाळेत गेलती म्हणून वाचली. मी म्हणले, आपणबी शाळेत जाऊ. उत्तर म्हशीला — "मेलो तर माझ्या घरात मरीन." जाऊन त्याच तुळईखाली बसले.

त्यांना टाकून जाता येत नाही. त्यांच्याशी भांडताबी येत नाही — भांडायला बोलावं लागतं. जीव गुदमरायलाय. इथं कोण वाचतंय, लिहितेच — म्हातारा लय हट्टी हाय.

२३ सप्टेंबर
पाऊस उघडला. मी वर चढायलेय. मामंजींना सरळ सांगितलं, "तुमी समोर पत्र्याखाली बसा." म्हैसबी तिथंच बांधली. कधी नव्हं ते ऐकलं. म्हशीला म्हणले, "तिला सांग, कडंकडंनं काढ म्हणावं. मधी पाय नको." मला हसू आलं.

२६ सप्टेंबर
लिहवत नव्हतं.

कडंची माती काढून झाली, तशी मी जरा मधी सरकले. मामंजी पत्र्याखालीच हायेत असं मला वाटत होतं. ते घरात जाऊन तुळईला टेकू लावायलते. मी वर होते म्हणून.

खालून आवाज आला, "बबिता, उडी मार!"

मी मारली. माळवद त्यांच्या अंगावर गेलं.

आज पूल मोकळा झाला, हे आले. विचारलं, "आबा शेवटचं काय बोलले?" मी म्हणले, माझं नाव घेतलं.

ह्यांना खरं वाटंना.