राहीच्या नावाचं गाऱ्हाणं

प्रिय मंगेश,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. मालवणीत लिहायला घेतलं तर पहिल्या ओळीपासून शिव्याच येतील, तेव्हा शाळेतल्या मराठीत लिहिते. शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात बायकोच्या हातात देऊन ‘पूजा, ताई काय म्हणते ते थोडक्यात सांग’ असं करू नकोस. तुझी खोड मला काही आजची ठाऊक नाही.

यंदा आंबा कमीच. मोहोर दोनदा गळला. बाग राखणाऱ्या सत्यवानाने वेळेवर फवारणी केली म्हणून निम्मी बाग तरी हाताला लागली. माझा गुडघा तसाच आहे, चढण चढताना रडवतो. देवगडला जाऊन डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले जिने चढू नका. म्हटलं, अहो, आमचं अख्खं गावच जिन्यावर बसलंय, मी जाऊ कुठे?

तू पाठवलेले फोटो पाहिले. व्हर्जिनियातल्या त्या जुन्या तंबाखूवाल्या जमीनदाराचं घर, पांढरे खांब, मागे गुलामांच्या खोल्या. तिथल्या बाईने गुलामांची नावं मोठ्याने वाचली आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, असं तू घरच्या ग्रुपवर लिहिलंस. वर हेही लिहिलंस की या लोकांनी इतकी वर्षं हे झाकून ठेवलंच कसं, लाज कशी वाटली नाही! सर्वेशने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, सारिकेने ‘काका, ग्रेट’ म्हटलं. त्याच आठवड्यात तुझ्या वकिलाची नोटीस सत्यवानाच्या दारावर चिकटली. एकतीस मेच्या आत घर रिकामं करा, बाग विकायची आहे. त्या दोन गोष्टी तुझ्या डोक्यात एका जागी आल्याच नाहीत का रे? अगदी जरासुद्धा?

कुलवृत्तांतासाठी तू लिहिलेलं प्रकरणही वाचलं. मूळपुरुष विश्रामशेट यांनी उजाड कातळावर स्वकष्टाने नंदनवन फुलवलं, म्हणे. स्वकष्टाने! अरे शहाण्या, त्या कातळाला एकदा पहार मारून बघ, मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. एकेका कलमासाठी पुरुषभर खड्डा फोडायचा, मग खाली खाडीकाठच्या मळ्यातली माती पाटीत भरून डोक्यावरून वर आणून तो भरायचा. अशी साडेतीनशे कलमं आहेत. विश्रामशेटच्या डोक्यावर जरीचा रुमाल असायचा, पाटी नव्हे. हे मी म्हणत नाही, त्यांचं चित्र तूच पहिल्या पानावर छापतो आहेस.

राही तुला आठवते ना? बागेच्या वरच्या कोपऱ्यातला शेंदूर लावलेला दगड. आपल्याला लहानपणी सांगायचे, ती बागेची राखणदार, तिच्याकडे पाय करून बसू नये. पहिला आंबा उतरवायच्या आधी तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. ते मात्र आपल्यापैकी कोणी घालायचं नाही, तो मान सत्यवानाच्या घरचा. आधी त्याचा आजा, मग त्याची आई हौसाबाई, तिच्या मागे सत्यवान. बाई गाऱ्हाणं घालते म्हणून आपल्याला किती मजा वाटायची! आपण मालक मंडळी मागे हात जोडून उभे, आणि प्रत्येक ओळीला ‘होय म्हाराजा’. तू तर मुद्दाम लांब सूर काढायचास आणि बाबांचा धपाटा खायचास.

यंदा मी एकटीच गेले. सगळे असले की आवाजात आवाज मिसळतो, कोणी काही ऐकत नाही. एकट्या माणसाला होय म्हणायचं तर ओळ कधी संपते तिकडे कान द्यावा लागतो. तसा दिला आणि पहिल्यांदा ऐकलं मी ते. साठ वर्षं झाली मंगेश, साठ! जमेल तसं उतरवते:

‘गो राही बाय, तुका घाटावरसून विकत हाडल्यानी, होय म्हाराजा. तुझ्या डोक्यार मातयेची पाटी दिल्यानी, होय म्हाराजा. तुझो झील पाटी घेवन पडलो, तेका थंयच पुरल्यानी, होय म्हाराजा. तू पळान गेलंस, तुका धरून हाडल्यानी, झाडाक बांधून मारल्यानी, होय म्हाराजा. ज्यांनी ह्या केल्यानी त्येंची पोरांबाळां आज तुझ्या पुढ्यात उभी आसत, आमका सांभाळ, आनी त्येंका काय ता तूच बघून घी.’

शेवटच्या ओळीला मी होय म्हटलं नाही. सत्यवान वळून बघायला लागला. त्याला वाटलं मला चक्कर आली. त्याने मला बांधावर बसवलं, पाणी दिलं. मी त्याला विचारलं, हे सगळं खरं? तर तो बिचारा गोंधळलाच. म्हणाला, ‘माका वाटला तुमका ठावक आसा. तुमी दरवर्साक होय म्हणतास.’

मग त्याने सांगितलं. दुष्काळात आईबापांनी विकलेली पोर ती, विश्रामशेटने आणली. बटीक, म्हणजे गुलामच. सरकारने गुलामी बंद केली तरी हिला कोणी सांगितलं नाही. तिच्या मुलीपासून हे घर, सत्यवान सहाव्या पिढीतला. तिचा मुलगा जिथे पडला तिथे कलम लावलं, ते आपलं सगळ्यांत गोड फळ देणारं झाड. खाडीकडच्या अंगाचं. ज्याची पेटी तुला मुंबईच्या विमानतळापर्यंत पोचवायचो आम्ही.

आता तू म्हणशील, झालं ते फार वाईट झालं, पण कायदा कायदा आहे, त्यांच्याकडे घराचा कागद नाही. आणि आपल्याकडे आहे. वकिलाने नोटिशीला त्याची प्रत जोडली आहे. हौसाबाईचा अंगठा असलेली. ‘आम्ही मालकांच्या परवानगीने राखणीपुरते राहतो, मालक सांगतील तेव्हा विनातक्रार घर सोडू.’ किती बरा कागद सापडला म्हणून तू खूश झालास. त्यावरचं अक्षर ओळखलं नाहीस? लहानपणी तुझे निबंध कोण लिहून द्यायचं रे?

मी डी.एड. होऊन आले होते ते वर्ष. कोण कुठे राहतं याची नोंद करायला सरकारी माणूस गावात येणार होता. बाबांनी मला बोलावून मजकूर सांगितला, मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिला. अंगठा घेताना हौसाबाईने विचारलं, ‘बाये, काय लिवलंस गो?’ मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, तुझं घर तुझ्या नावावर होतंय. तिने अंगठा उमटवला आणि माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, दृष्ट काढल्यासारखी. बाबांनी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. ते माझं माझं. ती विचारेल, रडेल, उगीच तमाशा होईल म्हणून मी ते चटकन उरकलं. पुढे मरेपर्यंत ती सगळ्यांना सांगत राहिली की मास्तरीणबायेने मला घर दिलं. मी ऐकून घेत राहिले, मंगेश. चाळीस वर्षं मी पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवलं आणि घरी येऊन हे ऐकून घेतलं. विश्रामशेटला कशाला बोलू मी?

काल देवगडला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. कागद मी लिहिला, खोटं सांगून अंगठा घेतला, हे घर सहा पिढ्यांपासून त्यांचंच आहे, सगळं लिहून दिलं. विक्रीच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. वकील तुला कळवेलच, पण त्याच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तू माझ्यावर दावा लावणार असलास तर लाव. येताना मी सत्यवानाच्या घरी गेले, त्याच्या पायरीवर बसून त्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं, निदान सुटल्यासारखा श्वास घेईल. त्याने पुरतं ऐकून घेतलं, मग म्हणाला, ‘आवस जिती आसताना सांगूक व्हया होता.’ आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तू बोललास, नाही बोललास तरी तुझीच,
शर्मिलाताई