काटेरी तारेची नक्षी

सर,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज मला तुमच्याशी भांडायचंय. पौडच्या शाळेत चित्रकलेच्या परीक्षेआधी तुम्ही संकल्पचित्राचे जादा तास घ्यायचात. एकच नक्षी पुन्हा पुन्हा काढून कागद भरायचा. नक्षी कशाची, तर कमळाची, कुयरीची, फार तर मोराची. मी मात्र काटेरी तार काढली. नांद्याला, आमच्या गावी, घराला लागून असलेलं भातखाचर विकलं गेलं होतं, प्लॉटिंगवाल्यांनी सिमेंटचे खांब रोवून तार ओढली होती आणि आई त्याच तारेवर कपडे वाळत घालायची. काटा, मग बाही, पुन्हा काटा, मग पदर, असं मी ओळीनं काढत गेले आणि मला ते भारी आवडलं होतं. तुम्ही माझ्या बाकापाशी थांबता, कागद उचलून वर्गाला दाखवता. "बघा रे, हिनं कागदाला कुंपण घातलंय!" पोरं खिदळतात. "अगं, नक्षी बघून डोळ्याला गार वाटलं पायजे. काटं कोण काढतं व्हय?" मी म्हणते, "सर, आमच्या दारात हेच हाय." "दारातलं दारात ऱ्हाऊ दे," असं म्हणून तुम्ही लाल पेन्सिलीनं कागदावर फुली मारता. मी तो उलटा करते आणि मुकाट्यानं कमळं काढायला घेते.

परीक्षा पास झाल्यावर तुम्ही मला तुमचा ब्रश दिलात. "घे, हात चांगला हाय तुझा," म्हणालात. हाताचं कौतुक केलंत सर, नजरेचं नाही केलंत. नक्षीच्या चारी कडा जुळल्या पाहिजेत, सांधा दिसता कामा नये, हे तुम्हीच शिकवलंत आणि त्यावरच मी आज लोकांच्या भिंती रंगवून पोट भरते. ते मी नाकारत नाही. पण त्या फुलीचा राग अजून गेलेला नाही आणि तो घालवायची मला घाईही नाही.

सध्या महाळुंग्यात एका नव्या सोसायटीची कंपाउंडची भिंत करतेय. त्यांना 'गावाचा फील' हवा होता. मी गडद निळ्यावर पांढरी तार काढली. काटे, बाह्या, पदर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आज सकाळी चेअरमन आले, हात मागे बांधून बघत राहिले. "मॅडम, काम सुंदर आहे, पण जरा निगेटिव्ह वाटतं. लोटस करा ना." मी म्हटलं, "इथल्या गावांत कमळं कुठं आहेत तेवढं दाखवा, लगेच काढते." ते हसले नाहीत. उद्या कमिटीची मीटिंग आहे. मी बदलायला तयार नसेन, तर भिंतीला सरसकट रंग मारून दुसरा पेंटर आणणार आहेत. ते गेल्यावर तिथं स्वयंपाकाला येणारी नांद्याची एक बाई गेटपाशी थबकली. "अगं बया, ही तर आपली तार! माझं नवं लुगडं असंच फाटलं व्हतं," म्हणाली आणि रंगवलेल्या काट्याला बोट लावून बघितलं. मग आम्ही दोघी खूप हसलो.

तुमच्यापुढे मी गप्प बसले, कारण तेव्हा मी लहान होते आणि तुम्ही सर होतात. उद्या गप्प बसणार नाही. रंग मारायचाच असेल तर त्यांनी खुशाल मारावा, माझ्या हातानं ते होणार नाही. आमच्या दारात जे होतं ते नक्षीच्या लायकीचं नव्हतं, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या घरी आता कोण राहतं तेही मला माहीत नाही. एक मात्र कबूल करते. दुपारपासून येणारे-जाणारे भिंतीचे फोटो काढतायत, छान छान म्हणतायत, आणि माझा एकावरही विश्वास बसत नाही. तुम्ही येऊन नाक मुरडलं असतंत ना सर, तर जमलंय याची मला खात्री पटली असती.